कोळसुंद्यांचा पिंजरा

मित्रांनो, कलकत्त्यात बेहालाच्या सरकारी गोदामामागे फणसाच्या झाडाखाली गंजत पडलेला जो लोखंडी सांगाडा आहे, तो मी. मी पिंजरा आहे. आजवर माझ्याविषयी कुणी दोन शब्द बरे बोललेले नाही, आणि मीही तुम्हाला कुणाची फार स्तुती ऐकवणार नाही. बारा वर्षे मी माणसे पाहतो आहे. गजांच्या आतून माणूस फार स्पष्ट दिसतो. तो जवळ येतो, गजांना नाक लावतो, आतल्या जनावराला वेडावून दाखवतो आणि आपण बाहेर आहोत म्हणजे शहाणेच आहोत, अशा समजुतीने घरी जातो.

१९६७ साली हावड्याच्या एका अरुंद गल्लीत मला घडवले. एका सर्कसच्या मालकाला वाघासाठी पिंजरा हवा होता. म्हणून मनगटाएवढे गज, त्यांच्यात चार-चार बोटांची फट, तळाला साल वृक्षाच्या जाड फळ्या आणि खाली चार लोखंडी चाके, असा माझा थाट होता. आत जो वाघ आला तो म्हातारा होता. त्याचे दात पडले होते आणि दिवसाचे वीस तास तो झोपून काढी. कलकत्त्याजवळच्या बजबज गावी तागाच्या गिरण्यांजवळ तंबू लागला की सुटीच्या दिवशी माणसांची झुंबड उडे. कुणी छत्रीच्या टोकाने वाघाला ढोसे, कुणी विडीचे थोटूक आत फेकी. वाघ एक डोळा उघडी, त्या माणसाकडे पाही आणि डोळा मिटून घेई. त्याची ती नजर मी उचलली. पुढे वाघ मेला, सर्कस मोडली आणि एका सरकारी खात्याने मला आणून या गोदामात ठेवले.

गोदामात मोडक्या खुर्च्या होत्या, जुनी कपाटे होती, भुसा भरलेली दोन हरणे होती. त्यांच्यात मी ताठ उभा असे. मी वाघाचा पिंजरा होतो. जे वाघ नाही त्याला मी खिजगणतीतही धरत नसे. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावे ठेवणार आहे.

१९७४च्या उन्हाळ्यात दोन माणसे मला पाहायला आली. एक होते खात्याचे अधिकारी भालचंद्र उपासनी. पुण्याहून बदली होऊन आलेले, पांढराशुभ्र बुशशर्ट, हातात छोटा टॉवेल, कलकत्त्याच्या नावाने नाक सतत मुरडलेले. दुसरी होती त्यांच्या हाताखाली काम करणारी प्राण्यांची संशोधक शकुन टिपणीस. वय तिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, पायांत पुरुषी बूट. तिचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. शकुनचा जन्म भवानीपूरचा. घरात मराठी आणि बाहेर बंगाली, त्यामुळे तिच्या मराठीत बंगाली कधी शिरे ते तिलाही कळत नसे. गोदामात उकडत होते. तिने साहेबांना अगत्याने विचारले, "साहेब, आपण पाणी खाणार?"

उपासनी हसले. "बाई, पाणी पितात. खातात ती भाकरी."

बंगालीत पाणीही खातात, हे साहेबांच्या गावीही नव्हते. मात्र साहेबांनी हा विनोद पुढे चार पाहुण्यांना तरी ऐकवला, आणि प्रत्येक वेळी तिला बोलावून घेऊन.

ती मला कशासाठी पाहायला आली होती, ते मला हळूहळू कळले. खात्याचा ट्रक चालवणारा जयप्रकाश नावाचा बिहारातल्या छपऱ्याचा माणूस होता. तो आणि शकुन दुपारी माझ्या सावलीत बसून डबे खात आणि बोलत. त्यातून सारी हकिकत समजली.

पुरुलियाच्या पलीकडे टेकड्यांत कुसुमडी नावाचे सालवन आहे. तिथे पूर्वी वाघ होते, बिबटे होते आणि कोळसुंदे होते. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. तांबूस अंगाचा, काळ्या झुबकेदार शेपटीचा, नेहमी कळपाने शिकार करणारा. वाघांना शिकाऱ्यांनी बंदुकीने संपवले. कोळसुंद्यांवर गोळीही वाया घालवायची नाही म्हणून मेलेल्या जनावरात विष घालून त्यांना मारले. शेपटी आणून दाखवली की सरकार बक्षीस देई. शिकाऱ्यांचा हिशेब सोपा होता. खाणारे संपले म्हणजे हरणे वाढतील आणि मग आपण ती मारू.

हरणे वाढली. रानडुकरेही वाढली. त्यांनी सालाचा कोवळा कोंब म्हणून जमिनीवर ठेवला नाही. म्हातारी झाडे उभी राहिली आणि त्यांच्या खाली पोरसवदा झाड एकही उरले नाही. पावसाचे पाणी उघड्या उतारावरून माती घेऊन पळू लागले, ओढा पौषातच आटू लागला, आणि डुकरे गावकऱ्यांच्या भातात लोळू लागली. शिकारी केव्हाच दुसऱ्या जंगलाकडे गेले होते. आपण काय करून ठेवले ते पाहायला मागे वळण्याइतकीही त्यांची अक्कल नव्हती.

शकुनने दोन वर्षे ते रान पायी तुडवले आणि एक अहवाल लिहिला. या रानात खाणारा परत आणला पाहिजे, असे तिने मांडले. वाघाला हे रान पुरणार नाही, पण कोळसुंद्यांचा एक कळप इथे नांदेल. उत्तर बंगालच्या जंगलात ते थोडे उरले आहेत. तिथून एक अख्खे कुटुंब आणू. तिचा कागद चौदा महिने फायलीत पडून राहिला. एका वरिष्ठाने त्यावर एकच शब्द लिहिला होता: "कुत्रे?"

मग परदेशातून काही पाहुणे येणार असल्याचे कळले आणि त्यांना दाखवायला खात्याकडे काहीच नव्हते. एका आठवड्यात मंजुरी आली. उपासनीसाहेबांना योजना एकाएकी इतकी आवडली की ते तिला "माझी योजना" म्हणू लागले. अहवाल मात्र त्यांनी वाचला नव्हता. वाचला असता तर त्यांनी वाघाचा पिंजरा निवडला नसता. शकुनने सहा वेगळ्या लहान पेट्या मागितल्या होत्या. साहेब म्हणाले की पेट्यांचा फोटो चांगला येत नाही.

या सगळ्यात शहाणे प्रश्न विचारले ते फक्त कुसुमडीच्या गावकऱ्यांनी. ती संथाळांची वस्ती. शकुन तिथे पुनःपुन्हा जाऊन राहिली. गावच्या म्हाताऱ्या मुखियाने तिला विचारले की ही कुत्री आमच्या शेळ्या खातील का. ती म्हणाली, कधीकधी खातील. तो म्हणाला की मग तू त्यांना का आणतेस. तिने त्याला डुकरांनी उकरलेले भाताचे खाचर दाखवले आणि आटलेला ओढा दाखवला. म्हाताऱ्याने तीन दिवस विचार केला आणि मग हो म्हटले. जयप्रकाशला ही गोष्ट फार आवडे. खोटे बोलून हो मिळवणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. खरे बोलून हो मिळवणारी ही पहिलीच, असे तो म्हणे.

नोव्हेंबरच्या शेवटी कोळसुंदे आले. मोठ्या जाळ्या लावून कुटुंब एकत्र धरले होते: एक थोराड मादी, तिचा नर आणि चार तरणी पोरे. पिसाळण्याचा रोग नाही याची खात्री होईपर्यंत तीस दिवस त्यांना बेहालात ठेवायचे होते. माझ्या फटींतून त्यांची तोंडे बाहेर येत, म्हणून आतून बारीक तारेची जाळी ठोकली. पहिल्याच दिवशी त्या जाळीवर नाक घासून दोघांची नाके सोलून निघाली.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल. मला त्यांचीच लाज वाटली. ज्या फळ्यांवर वाघ झोपला, तिथे ही हडकुळी तांबडी कुत्री एकमेकांच्या अंगावर पडून थरथरत होती. मी त्यांच्याकडे वाघाच्या त्या एका डोळ्याने पाहिले.

दुसऱ्या सकाळी शीळ ऐकू आली. मला वाटले, रस्त्यावरून कुणी रिकामटेकडा चालला आहे. पण आवाज माझ्या आतूनच येत होता. कोळसुंदे भुंकत नाहीत, शीळ घालतात. मादीने शीळ घातली आणि कोपऱ्यात दबलेले ते पाचही जण उठून तिच्याजवळ आले. वरच्या झरोक्यातून मांस आत टाकल्यावर तिने आधी तरण्यांना खाऊ दिले, मग नराने खाल्ले, शेवटी तिने. माझ्या म्हाताऱ्या वाघासाठी कुणी कधी थांबले नव्हते आणि त्यालाही कुणासाठी थांबावे लागले नव्हते. मी तो डोळा उघडाच ठेवला. जयप्रकाश तिला "मालकीण" म्हणू लागला.

डिसेंबरच्या एका रविवारी उपासनीसाहेबांनी कलकत्त्यातल्या आपल्या मराठी मंडळींना योजना दाखवायला आणले. बँकेतले अधिकारी, त्यांच्या बायका, लोकरीचे टोपडे घातलेली मुले. साहेबांनी त्यांना काय सांगून आणले होते ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते. सगळे रांगेने पुढे आले आणि वाकले.

"अहो, ही तर कुत्री," एक बाई म्हणाल्या.

"वाघ पुढच्या टप्प्यात आहे," साहेब म्हणाले.

पुढचा टप्पा कुठल्याच कागदावर नव्हता. शकुन पुढे होऊन माहिती सांगू लागली. तेवढ्यात कुणीतरी तिच्या मराठीला हसले. मग मंडळींनी फणसाच्या झाडाखाली सतरंजी पसरून कचोऱ्या खाल्ल्या. जाताना एका गृहस्थाने कळपाकडे मूठभर शेंगदाणे भिरकावले आणि एकही कोळसुंदा ते उचलत नाही हे पाहून, "माजलेत," असा शेरा मारला. नाक सोललेली, अर्धपोटी, घरापासून दीडशे कोस दूर आणलेली ती जनावरे त्याला माजलेली दिसली. असल्या डोळ्यांना काय म्हणावे?

त्यानंतर तीन-चार दिवसांनी शकुनला जे कळायचे ते कळले. मादीचे पोट उतरले होते आणि ती फळ्या नखांनी उकरू लागली होती. ती गाभण होती. पकडली तेव्हाच गाभण असली पाहिजे. रानात कोळसुंदी बिळात विते आणि सारा कळप तिला आणून भरवतो. इथे, माणसांच्या आणि ट्रकांच्या गलक्यात ती व्याली असती तर घाबरून तिने पिल्ले स्वतःच मारली असती. शिवाय गोदामाच्या कुंपणाबाहेर रस्त्यावरची कुत्री एका साथीने मरू लागली होती. तो रोग आत यायला एक घूस पुरली असती.

सोडण्याचा समारंभ आधी अठ्ठावीस डिसेंबरला होता, मग दोन जानेवारीला गेला. आता मंत्र्यांनी एकोणीस जानेवारी दिली होती. मंत्री गोदामातच फीत कापणार आणि मग ट्रक निघणार. त्यासाठी मला हिरवा रंग फासला होता आणि दोन्ही बाजूंना जबडा उघडलेला वाघ काढला होता. रंग ओला असतानाच शकुन साहेबांना घेऊन माझ्यापुढे आली. ती जे बोलली ते मी शब्द न् शब्द ऐकले.

"साहेब, ती पंधरा दिवसांत विणार आहे. इथे व्याली तर पिल्लं जगायची नाहीत. ती स्वतःही जगेल असं वाटत नाही. तीस दिवस सव्वीसला पुरे होतात. सत्तावीसला जाऊ द्या."

"आणि मंत्र्यांना काय दाखवू?"

"मंत्री कुसुमडीला येऊ शकतात."

"तिथे सर्किट हाउस नाही." साहेबांनी टॉवेलने मान पुसली. "बाई, मेली तर दुसरी पकडू. कुत्र्यांचा काय तुटवडा पडलाय?"

"तुटवडा पडलाय म्हणूनच हे चाललंय, साहेब."

"तुमच्या कुत्रीनं एकोणीसपर्यंत कळ काढावी," ते म्हणाले आणि निघून गेले.

जयप्रकाश आला तेव्हा शकुन त्याला म्हणाली, "मला फार राग झालाय, जयप्रकाश." तिला राग येत नसे, बंगाल्यांसारखा तिला राग होत असे. त्या दिवशी मला तोच शब्द बरोबर वाटला.

मग तिने पिशवीतून एक कागद काढला. समारंभाची तारीख पहिल्यांदा पुढे गेली तेव्हाच उपासनीसाहेब वैतागले होते. जनावरे हलवण्याच्या हुकुमावर त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि तारखेची जागा मोकळी ठेवून तिला सांगितले, "तारीख ठरली की भरून टाका. कुत्र्यांच्या कागदासाठी मला पुन्हा पुन्हा उठवू नका." वाघाचा कागद असता तर त्यांनी तो तीनदा वाचून त्यावर सोनेरी टाकाने सही केली असती. कुत्र्यांचा होता, म्हणून खालचा मजकूर पाहिलाही नाही.

तिने माझ्या छतावर कागद ठेवून तारीख घातली: सत्तावीस डिसेंबर. रंग अजून ओला असल्यामुळे कागदाच्या पाठीला हिरवा डाग पडला. पकडले गेलो तर नोकरी जाईल, असे तिने जयप्रकाशला स्पष्ट सांगितले आणि तू नाही म्हणालास तरी चालेल असेही म्हणाली. तो म्हणाला, "दीदी, कागज पे साहब का दस्तखत है. हम तो साहब का हुकुम मान रहे हैं."

सत्तावीसला शुक्रवार होता आणि ईडन गार्डनवर वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी सुरू होत होती. अर्धे कलकत्ता मैदानात आणि उरलेले रेडिओला कान लावून. उपासनीसाहेब पास मिळवून सकाळीच गेले होते. नऊ वाजता चौकीदाराने हुकूम पाहिला, सही पाहिली आणि फाटक उघडले. मला ताडपत्रीने झाकून ट्रकवर चढवले होते. शकुन जयप्रकाशशेजारी बसली.

खिदिरपूरपर्यंत ट्रक बरा चालला. पण पुढे गंगेच्या काठचा रस्ता ईडनवरूनच जातो आणि तिथे गर्दीने रस्ता गिळून टाकला होता. ट्रक थांबला आणि पाऊण तास थांबला. आतून, मैदानातून, समुद्रासारखी गर्जना आली. कोळसुंदे उठून उभे राहिले. मादी गोल गोल फिरू लागली, पोट फळ्यांना लागत होते. आणि मग तिने शीळ घातली, लांब आणि स्पष्ट. बाकीच्यांनी उत्तर दिले.

रस्त्यावरची डोकी वळली. कुणीतरी आपली टिंगल करतो आहे असे समजून वाहतुकीचा शिपाई तावातावाने ट्रकजवळ आला. त्याने ताडपत्रीवर काठी आपटली आणि आत काय आहे ते विचारले. शकुनने कागद काढला. त्या कागदाची चौकशी करायला शिपायाने आत एक निरोप धाडला असता, तर सही करणारे साहेब शंभर पावलांवर बसलेले होते.

जयप्रकाश शांतपणे म्हणाला, "कुत्ते हैं, हुजूर. सरकारी कुत्ते."

शिपाई हसला. त्याने जोडीदाराला ओरडून सांगितले, तोही हसला. सरकारने कुत्री सांभाळायला माणसे ठेवली, असे काहीतरी बोलून त्याने हातानेच ट्रकला वाट काढून दिली. मित्रांनो, चौदा महिने ज्या एका शब्दाने ती फाइल अडवून धरली होती, त्याच शब्दाने आम्हाला हावड्याचा पूल मोकळा करून दिला.

अंधार पडायच्या आत आम्ही टेकड्यांच्या पायथ्याशी पोहोचलो. सकाळी मला रानाच्या कडेला नेऊन उतरवले. मुखिया आणि गावातली काही माणसे लांब उभी होती. शकुनने दार वर ओढले. दार हलले नाही. समारंभाचा तो हिरवा रंग खाचेत वाळून दगड झाला होता.

सुरीने खरवडले, पहारीने ढकलले. प्रत्येक ठोक्याला कोळसुंदे मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढत होते आणि मादी तळाशी दबत होती. मी बारा मणांचे लोखंड, वाघासाठी घडवलेला, त्या दिवशी एक दार उघडू शकत नव्हतो. माझी सारी ऐट त्या खाचेत अडकली होती. शेवटी मुखियाने सगळ्यांना बाजूला केले, मोहाच्या बियांचे तेल आणून खाचेत ओतले, थोडा वेळ जाऊ दिला आणि दार हाताने हलवत हलवत वर घेतले. उघडले तेही अर्धेच. माझे दारच मुळात अरुंद होते. सर्कसच्या पिंजऱ्यातून कुणी बाहेर जावे अशी कुणाची इच्छा नसते.

माणसे दूर जाऊन बसली. तासभर काहीच हलले नाही. मग नराने तोंड बाहेर काढले, परत आत घेतले. त्यानंतर मादी उठली. अर्ध्या दारातून पोट घासत ती बाहेर पडली, गवतात उभी राहिली आणि तिने वाऱ्याला नाक लावले. एकामागून एक बाकीचे गेले. सर्वांत लहान एक जण घाबरून पुन्हा माझ्यात आला आणि फळ्यांवर चिकटून बसला. रानातून शीळ आली. तो गेला.

शकुन गुडघ्यांत डोके घालून रडत होती. मुखिया तिच्याजवळ बसून रानाकडे पाहत होता. त्याने लहानपणी हा आवाज ऐकला होता, एवढेच तो म्हणाला.

मला रिकामा कलकत्त्याला परत आणले. उपासनीसाहेबांचा संताप काय सांगू? पण हुकमावर त्यांचीच सही होती. ती न वाचता केली असे म्हणावे तर स्वतःचीच फजिती. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग काढला. एकोणीस जानेवारीला समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. मला ताडपत्री घालून, झेंडूच्या माळा चढवून मांडवात उभे केले. मंत्र्यांनी रिकाम्या पिंजऱ्यापुढे फीत कापली आणि वाघ हे राष्ट्राचे भूषण कसे आहे यावर पाऊण तास भाषण केले. जनावरे झोपली आहेत, त्यांना त्रास नको, असे साहेबांनी सांगितले. ताडपत्री उचलून पाहावी असे तीनशे माणसांत एकालाही वाटले नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. मी आतून त्या मोकळ्या फळ्यांकडे पाहत होतो आणि माझ्या सर्कसच्या मालकाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. तो निदान खरा वाघ दाखवत असे.

शकुनची बदली एका तळघरात झाली. जुन्या कवट्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम. चार वर्षे ती तेच करत राहिली. सुटी मिळाली की स्वतःच रेल्वेने पुरुलियाला जाई, रान हिंडे आणि परत आल्यावर जयप्रकाशला सांगायला गोदामात येई. तिथले सगळे गोडच होते असे नाही. पहिल्या वर्षी पाच पिल्ले झाली, तीन जगली. एक नर कुणीतरी विष घालून मारला. शेळ्याही गेल्या. मुखियाने तिला अंगणात बसवून प्रत्येक शेळीचे वर्णन ऐकवले आणि तिने ते मान खाली घालून ऐकले. पण डुकरे भातातून हटली होती. हरणे आता एका जागी दिवसभर चरत बसत नव्हती, सारखी सरकत होती. ओढ्याकाठी सालाचे कोंब गुडघ्याएवढे झाले, मग कमरेएवढे. तिसऱ्या वर्षी ओढ्यात फाल्गुनातही डबकी राहिली. ती हे सांगताना हात जमिनीपासून किती उंच धरायचा ते नीट मोजून धरी. आपल्या कामाची बढाई तिने एकदाही मारली नाही. ते काम उपासनीसाहेब करत होते. त्याच योजनेवर बढती घेऊन ते दिल्लीला गेले.

१९७८च्या पुरात मी आठवडाभर पाण्यात उभा होतो. हिरवा रंग गेला, वाघाची चित्रे गेली, लोखंडावर गंज चढला. त्यानंतर मला इथे मागे टाकले.

आता १९७९ संपत आले आहे. कळपात नवे रक्त हवे, म्हणून आणखी कोळसुंदे आणायचे ठरले आहे. ते कुणाला जमते, याचा खात्याला तळघरात शोध घ्यावा लागला. गेल्या आठवड्यात शकुन आली. केस थोडे पिकले आहेत, बूट तसेच आहेत. तिच्याबरोबर नवे अधिकारी होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले की हा ऐतिहासिक पिंजरा आहे, याला रंग देऊन बागेत उभा करू आणि खाली संगमरवरी पाटी लावू. नव्या माणसांनाही जुनीच हौस असते.

शकुन म्हणाली, "नको, साहेब. हा पिंजरा चुकीचा होता. लोखंड चांगलं आहे, तेवढं कामाला लावू."

मित्रांनो, आयुष्यात माझ्याविषयी बोललेले हे सर्वांत खरे वाक्य. मला वाईट वाटले आणि त्याच वेळी हलके वाटले. तुम्हाला कुणी एखाद्या पिंजऱ्याची, पुतळ्याची, पाटीची निगा राखा म्हणून सांगितले, तर खुशाल दुर्लक्ष करा. लोखंडाला निगेची गरज नसते. निगा ठेवायची ती जे बाहेर गेले त्याची, आणि तीही अशी की त्याला तुमची आठवणही राहू नये. ज्यांना मिरवायचे असते त्यांना हे जमत नाही. म्हणून मी त्यांची कीव करत नाही. मी त्यांना फक्त ओळखून आहे.

उद्या लोहार येऊन मला कापणार आहे. माझ्या गजांच्या सहा लहान पेट्या होतील. काल तो मापे घेऊन गेला. पेटी किती लांब, किती उंच, असे तो विचारत होता आणि शकुन सांगत होती. शेवटी त्याने दाराचे माप विचारले.

ती म्हणाली, "दार पेटीएवढंच ठेव. आणि एका बोटानं उघडलं पाहिजे."